फुप्फुसातली छोटी गाठ: तपासण्या आणि शस्त्रक्रियेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छातीच्या सीटी रिपोर्टच्या तळाशी एक ओळ असते: 'उजव्या वरच्या लोबमध्ये ७ मिमीचं नोड्यूल'. स्कॅन काढलेला असतो भलत्याच कारणासाठी. पडल्यावर बरगडी मोडली का ते पाहायचं असतं, किंवा खोकला महिनाभर हटत नसतो. त्या एका ओळीनं घरातल्या सगळ्यांची झोप उडते. मी छातीच्या शस्त्रक्रिया करतो आणि ओपीडीत रोज हेच प्रश्न ऐकतो. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. तुमचा स्कॅन मी पाहिलेला नाही, त्यामुळे तुमच्या गाठीचा निकाल इथे मिळणार नाही. तुमचे डॉक्टर जे सांगतात ते का सांगतात, एवढं मात्र कळेल.

नोड्यूल म्हणजे नक्की काय?

चहूबाजूंनी फुप्फुसानं वेढलेला, ३ सेंमीपर्यंतचा गोलसर ठिपका म्हणजे नोड्यूल. ३ सेंमीच्या वर गेला की त्याला 'मास' म्हणतात आणि मग कॅन्सर आहे असं धरूनच तपासण्या सुरू होतात. १ सेंमीहून लहान गाठ साध्या एक्स-रेवर बहुतेकदा दिसत नाही. बरगड्या, हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या सावल्यांत ती हरवून जाते. म्हणून 'सहा महिन्यांपूर्वी एक्स-रे नॉर्मल होता, मग आता गाठ आली कुठून?' याचं उत्तर बऱ्याचदा इतकंच असतं की ती तेव्हाही तिथेच होती.

म्हणजे कॅन्सरच ना?

बहुतेकदा नाही. ६ मिमीहून लहान भरीव गाठ कॅन्सरची निघण्याची शक्यता सर्वसाधारण माणसात १ टक्क्याहूनही कमी आहे. अमेरिकेतल्या 'नॅशनल लंग स्क्रीनिंग ट्रायल'मध्ये खूप धूम्रपान केलेल्या ५३ हजारांहून जास्त लोकांना घेतलं होतं, म्हणजे धोका जास्त असलेलीच माणसं. २०११ साली निकाल आला. सीटीवर 'संशयास्पद' ठरलेल्या दर १०० निष्कर्षांपैकी ९६ शेवटी कॅन्सर नव्हते. पण त्याच अभ्यासात सीटी केलेल्या गटात फुप्फुसाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. या दोन आकड्यांपैकी एकच लक्षात ठेवणारा माणूस एक तर उगाच घाबरतो, नाही तर उगाच निश्चिंत राहतो.

मग त्या ९६ गाठी असतात तरी काय? क्षयाचा किंवा बुरशीचा जुना संसर्ग बरा होताना राहिलेला वण, न्यूमोनियानंतरचा डाग, फुप्फुसाच्या आतच असलेली छोटी लसिका ग्रंथी (लिम्फ नोड), किंवा हॅमार्टोमा नावाची निरुपद्रवी गाठ. पंचाईत अशी की क्षयाचे वण फुप्फुसाच्या वरच्या भागात जास्त सापडतात आणि कॅन्सरही तिथेच जास्त सापडतो. नुसती जागा पाहून सुटका होत नाही.

रिपोर्टमधल्या शब्दांचा अर्थ कसा लावायचा?

आकाराचा आकडा सगळेच वाचतात. त्याच्या शेजारची विशेषणं वाचा, ती जास्त बोलतात.

आधी कॅल्शियम. गाठीच्या बरोबर मध्यभागी, सगळीकडे सारखं, थरांवर थर चढल्यासारखं किंवा पॉपकॉर्नसारखं फुललेलं कॅल्शियम असेल तर ती गाठ जवळजवळ नेहमीच निरुपद्रवी असते. एका कडेला दोनचार ठिपके असतील तर त्यावर मी विसंबत नाही. गाठीत चरबी दिसली तर बहुधा हॅमार्टोमा. मात्र रुग्णाला पूर्वी दुसरीकडे कॅन्सर झालेला असेल, तर हे नियम इतक्या बिनधास्तपणे लावता येत नाहीत.

मग कडा. गुळगुळीत कडा बरी, काटेरी कडा वाईट. रिपोर्टमध्ये 'स्पिक्युलेटेड' असं लिहिलेलं असतं, म्हणजे गाठीतून बारीक रेघा भोवतालच्या फुप्फुसात शिरलेल्या असतात. उलट, दोन लोबांमधल्या (लोब म्हणजे फुप्फुसाचा मोठा भाग) पडद्याला टेकलेली, त्रिकोणी किंवा चपटी, सफाईदार कडेची गाठ असेल तर ती बहुतेकदा लसिका ग्रंथी असते.

आणि मग घनता. भरीव गाठीखाली काहीच दिसत नाही. 'ग्राउंड ग्लास' म्हणजे बाथरूमच्या खिडकीला असते तशी दुधी काच: डाग दिसतो, पण त्याच्या आडून रक्तवाहिन्याही दिसतात. असा डाग साध्या सुजेचाही असतो आणि काही आठवड्यांत विरूनही जातो. मात्र तो महिनोन्‌महिने टिकला, आणि विशेषतः त्याच्या मध्यभागी भरीव केंद्र तयार झालं, तर तिन्ही प्रकारांत संशय सर्वांत जास्त याच मिश्र गाठीवर असतो. अशा वेळी मी गाठीच्या एकूण मापाहून आतल्या भरीव भागाचं माप आधी पाहतो.

जुने स्कॅन कशाला मागता? नवीन काढलाय ना.

कारण जुन्या स्कॅनइतकी उपयोगी आणि निर्धोक तपासणी दुसरी नाही.

एका आजोबांची ९ मिमीची भरीव गाठ होती, कडा किंचित वेडीवाकडी, तरुणपणी विड्या ओढलेल्या. बायोप्सीची तारीख ठरत होती. त्यांच्या मुलीनं दुसऱ्या दिवशी कपाटावरून एक पिवळा पडलेला लिफाफा आणला. चार वर्षांपूर्वी पोटदुखीसाठी काढलेला पोटाचा सीटी होता. पोटाच्या सीटीत फुप्फुसाचा तळही थोडा येतो, आणि गाठ नेमकी तळाशीच होती. फिल्म उजेडासमोर धरली आणि पट्टी लावली: ९ मिमी. बायोप्सी रद्द झाली.

भरीव गाठ दोन वर्षं जशीच्या तशी राहिली तर ती निरुपद्रवी धरतात. दुधी काचेची गाठ फार सावकाश चालते, तिच्यावर पाच वर्षं नजर ठेवावी लागते. तेव्हा छाती, पोट, मान, हृदय, कशाचाही जुना सीटी असेल तर घेऊन या. नुसता रिपोर्ट नको, सीडी किंवा पेनड्राइव्ह हवा. रिपोर्ट लिहिणाऱ्यानं तेव्हा त्या गाठीचा उल्लेख केलाच असेल असं नाही.

५ मिमीची ६ मिमी झाली. वाढली ना?

सांगता येत नाही. श्वास किती रोखला, काप किती जाडीचा घेतला, कर्सर कोणी कुठे ठेवला, यानं एवढा फरक सहज पडतो. म्हणून छोट्या गाठीत २ मिमीच्या आतला बदल 'वाढ' म्हणून धरत नाहीत. शक्यतो त्याच मशीनवर, त्याच पद्धतीनं, पातळ कापांचा स्कॅन काढायला सांगतो तो यासाठीच.

पण उलटी बाजूही समजून घ्या. गाठ चेंडूसारखी आहे, तिचा व्यास २६ टक्क्यांनी वाढला तरी घनफळ दुप्पट होतं. ५ मिमीची १० मिमी झाली तर ती दुप्पट नव्हे, आठपट झाली. भरीव कॅन्सरच्या गाठीला दुप्पट व्हायला साधारण एक महिना ते ४०० दिवस लागतात. दोन आठवड्यांत दुप्पट झालेली गाठ बहुधा संसर्गाची असते. वाढीच्या वेगानं गाठ कॅन्सरची आहे की नाही याचा जितका अंदाज येतो, तितका आकारानं येत नाही.

पुन्हा स्कॅन कधी काढायचा?

जगभर बहुतेक ठिकाणी फ्लाइश्नर सोसायटी या छातीच्या स्कॅनमधल्या तज्ज्ञांच्या संस्थेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वापरतात. ती ३५ वर्षं आणि त्यापुढच्या, आधी कॅन्सर न झालेल्या आणि प्रतिकारशक्ती धड असलेल्या व्यक्तींसाठी आहेत. एकटी भरीव गाठ ६ मिमीहून लहान आणि धोका कमी असेल तर पुन्हा स्कॅनची गरजच नाही. धूम्रपानासारखा धोका असेल तर वर्षानं एक काढला तरी चालतो. ६ ते ८ मिमी असेल तर ६ ते १२ महिन्यांनी. ८ मिमीच्या वर गेली की तीन पर्याय समोर येतात: ३ महिन्यांनी सीटी, पेट स्कॅन (त्याबद्दल पुढे) किंवा तुकडा काढणं. दुधी काचेची ६ मिमी किंवा मोठी गाठ असेल तर पहिला स्कॅन ६ ते १२ महिन्यांनी आणि मग पाच वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी. मिश्र गाठीसाठी ३ ते ६ महिन्यांनी, ती टिकून असली आणि भरीव भाग छोटाच राहिला तर पुढे पाच वर्षं दरवर्षी.

या स्कॅनला कमी डोसचा सीटी पुरतो. त्यातलं रेडिएशन साधारण १.५ मिलिसिव्हर्ट असतं. निसर्गातून आपल्याला वर्षभरात मिळतं त्याहून ते कमी आहे.

आणि वाट पाहता पाहता पसरला तर?

हा प्रश्न विचारताना लोक आवाज खाली आणतात. आकड्यांनीच उत्तर देतो. समजा ७ मिमीची गाठ खरोखर कॅन्सर आहे आणि तिचं घनफळ २०० दिवसांत दुप्पट होतं. सहा-साडेसहा महिन्यांनी ती ९ मिमीच्या आतबाहेर असेल. म्हणजे १ सेंमीच्या आतच, सर्वांत सुरुवातीच्या टप्प्यात. धोका शून्य नाही, पण निरुपद्रवी गाठीसाठी छाती उघडण्याच्या धोक्याहून तो बराच कमी आहे.

माझ्या अनुभवात घात होतो तो तारीख हुकण्यानं. काही वर्षांपूर्वी मी एका बाईंच्या कागदावर 'पुढे स्कॅन करून भेटा' असं लिहिलं. कधी, ते लिहिलं नाही. त्या परत आल्या दोन वर्षांनी. गाठ ९ मिमीची २४ मिमी झाली होती. चूक माझी होती. तेव्हापासून मी महिना आणि वर्ष लिहितो, त्याखाली रेघ मारतो आणि सोबत आलेल्या माणसाच्या फोनमध्ये आठवण लावून घेतो.

पेट स्कॅन करून एकदाचं कळेल ना?

८ मिमीहून लहान गाठीत पेटवर भरवसा ठेवता येत नाही. पेटमध्ये दिसते ती पेशींची साखर खाण्याची भूक. क्षय, बुरशी किंवा सार्कॉइडोसिस (कॅन्सर नसलेला, सुजेचा एक आजार) यांतल्या सुजेच्या पेशीही भुकेल्या असतात, त्यामुळे गाठ उजळते आणि घरात रडारड होते. दुधी काचेचा कॅन्सर आणि कार्सिनॉइड नावाची सावकाश वाढणारी गाठ मात्र थंड राहू शकतात, म्हणजे उजळत नाहीत. म्हणून 'पेट उजळला म्हणजे कॅन्सर' आणि 'पेट थंड म्हणजे सुटलो' ही दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. पेटचा खरा उपयोग पुढे होतो: कॅन्सरचा संशय बळकट असेल तेव्हा तो लसिका ग्रंथींत किंवा दुसरीकडे गेलाय का, हे शस्त्रक्रियेआधी पाहायला.

रक्ताच्या तपासणीतून कळतं का?

नाही. 'ट्यूमर मार्कर' नॉर्मल आले म्हणून गाठ निर्दोष ठरत नाही.

आधी क्षयाची औषधं सुरू करून पाहू या का?

ताप, थुंकीत जंतू, गाठीतला तुकडा असा काही पुरावा असेल तर जरूर. नुसत्या सावलीवरून सहा महिने औषधं देणं मला पटत नाही. गाठ क्षयाची असली तरी जुना वण औषधानं विरघळत नाही, आणि कॅन्सरची असली तर सहा महिने गेलेले असतात. अशा फाइली घेऊन येणारे रुग्ण मला नेहमी भेटतात, म्हणून थोडं कडक लिहितोय.

बायोप्सी कशी करतात? सुईनं कॅन्सर पसरतो म्हणतात.

पसरण्याची भीती वास्तवापेक्षा फार मोठी आहे. सुईच्या वाटेवर कॅन्सर रुजणं अत्यंत दुर्मीळ. खरी अडचण वेगळी आहे. सीटीत पाहून बरगड्यांमधून सुई घातली की फुप्फुसाला भोक पडतं आणि छातीत हवा साठू शकते. १०० मध्ये साधारण १५ ते २५ जणांना असं होतं. बहुतेकांची हवा आपोआप जिरते, काहींना नळी टाकावी लागते. थुंकीतून थोडं रक्तही येऊ शकतं.

दुसरी वाट आतून. श्वासनलिकेत दुर्बीण घालतात, पण साधी दुर्बीण फुप्फुसाच्या कडेपर्यंत पोचत नाही. आता सीटीवरून नकाशा बनवून चालवलेल्या किंवा रोबोटिक दुर्बिणी बऱ्याच आतपर्यंत जातात आणि हवा साठण्याचा धोका सुईपेक्षा कमी असतो. छातीच्या मध्यभागातल्या लसिका ग्रंथींचा नमुना घ्यायला सोनोग्राफी बसवलेली दुर्बीण असते, तिला ईबस म्हणतात.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: 'कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत' याचा अर्थ 'कॅन्सर नाही' असा होत नाही. ८ मिमीच्या गाठीत सुई शेजारून जाऊ शकते. रिपोर्टमध्ये 'हॅमार्टोमा' किंवा 'क्षयाचा ग्रॅन्युलोमा' (क्षयाच्या सुजेची गाठ) असं नेमकं निदान आलं तर सुटलात. नुसती 'सूज' आली तर प्रश्न तसाच उभा आहे.

मग बायोप्सीशिवाय थेट शस्त्रक्रिया कशी सुचवता?

संशय जोरदार असेल, माणूस धडधाकट असेल आणि बायोप्सी निगेटिव्ह आली तरी मी गाठ काढायलाच सांगणार असेन, तर त्या बायोप्सीनं काय साधलं? अशा वेळी गाठ काढणं हीच तपासणी आणि हाच उपचार. मी आधी पाचरीसारखा छोटा तुकडा गाठीसकट काढतो आणि तो लगेच पॅथॉलॉजिस्टकडे जातो. ते तुकडा गोठवून, पातळ काप करून अर्ध्या तासाच्या आतबाहेर सांगतात. निरुपद्रवी निघाली तर तिथेच थांबतो. कॅन्सर निघाला तर त्याच भुलीत पुढचं काम. हे आधी तुमच्याशी बोलून, संमतीपत्रावर लिहून घेतलेलं असतं. जागे झाल्यावर पहिला प्रश्न हाच असतो, 'थांबलात की पुढे गेलात?'

किती फुप्फुस काढता?

उजव्या फुप्फुसात तीन लोब, डाव्यात दोन. प्रत्येक लोबचे पुढे सेगमेंट पडतात आणि प्रत्येकाला स्वतःची श्वासनलिका आणि धमनी असते. त्यामुळे काढण्याचे चार टप्पे: पाचर, सेगमेंट, लोब, पूर्ण फुप्फुस. गेल्या नव्वद वर्षांचा इतिहास या पायऱ्या उतरत येण्याचा आहे.

१९३३ साली अमेरिकेतल्या सेंट लुइसमध्ये एव्हर्ट्‌स ग्रॅहम यांनी कॅन्सरसाठी एका रुग्णाचं पूर्ण डावं फुप्फुस एका बैठकीत यशस्वीपणे काढलं. रुग्ण स्वतः डॉक्टर होता. ग्रॅहम धूम्रपान करायचे. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचं नातं दाखवणारा १९५० चा गाजलेला अभ्यास वाइंडर यांच्याबरोबर त्यांनीच केला. १९५७ साली ते फुप्फुसाच्याच कॅन्सरनं गेले. ज्याचं फुप्फुस त्यांनी काढलं होतं तो रुग्ण त्यांच्यामागेही जगला.

पुढे लोब काढणं पुरेसं ठरलं. १९९५ साली आलेल्या एका अमेरिकी अभ्यासात लोबहून कमी काढलं तर कॅन्सर त्याच जागी जास्त वेळा परत येतो असं दिसलं, आणि पंचवीसेक वर्षं 'लोबच काढायचा' हा दंडक राहिला. पण तेव्हाच्या गाठी मोठ्या होत्या आणि स्कॅन जाडेभरडे. २०२२ मध्ये जपानचा ११०६ रुग्णांचा अभ्यास आला: २ सेंमीपर्यंतच्या, कडेच्या गाठींत सेगमेंट काढलेल्यांपैकी ९४.३ टक्के पाच वर्षांनी हयात होते, लोब काढलेल्यांपैकी ९१.१ टक्के. त्याच जागी कॅन्सर परतण्याचं प्रमाण मात्र सेगमेंटवाल्यांत जास्त होतं, १०.५ विरुद्ध ५.४ टक्के. २०२३ मध्ये ६९७ रुग्णांच्या दुसऱ्या अभ्यासात, ज्यात पाचरही चालत होती, दोन्ही गटांचे निकाल सारखेच आले.

म्हणून आता २ सेंमीपर्यंतची, कडेला असलेली, लसिका ग्रंथी स्वच्छ असलेली गाठ असेल तर मी आधी सेगमेंटचा विचार करतो. दुधी काचेच्या गाठीला बऱ्याचदा पाचर पुरते. गाठ खोल असेल किंवा भोवती पुरेसा निरोगी काठ मिळत नसेल तर लोब. काहीही काढलं तरी लसिका ग्रंथींचे नमुने घेतलेच पाहिजेत. 'थोडंच काढलं' याचं कौतुक ग्रंथी तपासल्या असतील तरच.

एवढी बारीक गाठ आत सापडते कशी?

हा भाग बाहेर कोणाला ठाऊक नसतो, आणि आमच्या खोलीत मात्र घाम याच वेळी फुटतो. शस्त्रक्रियेत त्या बाजूचं फुप्फुस हवा काढून मिटवतात. सीटीत फुगलेल्या फुप्फुसात 'कडेपासून २ सेंमी' दिसणारी गाठ आता सुरकुतलेल्या, ओल्या स्पंजसारख्या फुप्फुसात कुठे तरी दडलेली असते. भरीव गाठ पृष्ठभागाजवळ असेल तर छातीवर पाडलेल्या छिद्रातून एक बोट आत घालून फुप्फुस त्यावर घासलं की कणी हाताला लागते. दुधी काचेची गाठ बोटाला लागतच नाही. भोवतालच्या फुप्फुसाइतकीच मऊ असते.

म्हणून आधी खूण करतात. सीटीत पाहून बारीक हूकची तार किंवा कॉइल सोडतात, किंवा रंग टोचतात. इंडोसायनिन ग्रीन नावाचा हिरवा रंग शिरेतून दिला की विशेष कॅमेऱ्यात रक्तपुरवठा असलेलं फुप्फुस चमकतं आणि ज्या सेगमेंटची धमनी बांधली तो काळा राहतो. सेगमेंटची सीमा अशी डोळ्यांसमोर उमटते. सीटीवरून रंगीत त्रिमितीय नकाशाही बनवतात, कारण धमन्यांच्या फांद्या दोन माणसांत सारख्या नसतात.

दुर्बीण बरी की रोबोट?

दोन्हींत बरगड्या फाकवाव्या लागत नाहीत, म्हणून दुखणं कमी. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत छातीवर एक ते चार छिद्रं, त्यातलं एक ३-४ सेंमीचं, ज्यातून तुकडा पिशवीत घालून बाहेर काढतात. रोबोट स्वतः काही करत नाही, हात सर्जनचेच असतात. ज्या हातांना जे सवयीचं आहे ते निवडा. आणि मध्येच रक्तस्राव झाला म्हणून छाती मोठी उघडावी लागली तर तो पराभव नाही, शहाणपण आहे.

मला शस्त्रक्रिया झेपेल का?

फुप्फुसाच्या क्षमतेची तपासणी होते: जोरात फुंकायची एक, आणि वायू रक्तात किती शिरतो ते पाहणारी दुसरी. मग साधा हिशेब. सेगमेंट एकूण १९ धरले आणि उजव्या वरच्या लोबचे ३ काढायचे असतील तर सुमारे १६ टक्के क्षमता जाईल. उरलेली अपेक्षितच्या ६० टक्क्यांच्या वर असेल तर फार चिंता नाही. ३० च्या खाली जाणार असेल तर दोनदा विचार. मधल्यांना आम्ही जिने चढायला लावतो. न थांबता तीन-चार मजले चढणारा माणूस कागदावरच्या आकड्यांपेक्षा मला जास्त धीर देतो. हृदयाची तपासणी वेगळी.

धूम्रपान आजच थांबवा. निदान चार आठवडे आधी सुटलं तर उत्तम, पण तेवढा वेळ नसला तरी थांबवाच.

नंतर ती नळी आणि बाटली कशासाठी?

फुप्फुसातून झिरपणारी हवा आणि पाणी बाहेर जायला. नळीचं टोक बाटलीतल्या पाण्याखाली असतं, म्हणजे हवा बाहेर येते, परत आत जात नाही. खोकलात की बुडबुडे येतात. नातेवाईक ते पाहून दचकतात. मला मात्र ते मोजायचेच असतात. श्वासाबरोबर नळीतलं पाणी वरखाली हलतं, तेही चांगलं लक्षण. बुडबुडे थांबले, एक्स-रेवर फुप्फुस फुगलेलं दिसलं आणि छातीतून येणारं पाणी कमी झालं की नळी काढतो, बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. पाच दिवसांनंतरही हवा येत राहिली तर ती रेंगाळलेली गळती. ती बहुतेकदा नुसत्या धीरानंच थांबते. बाटली छातीच्या वर उचलू नका, एवढं मात्र पाळा.

धोके कोणते?

हवा गळणं, न्यूमोनिया, हृदयाचे ठोके अनियमित होणं (लोब काढल्यावर हे बऱ्यापैकी दिसतं आणि सहसा औषधानं बसतं), रक्तस्राव, पायात रक्ताची गुठळी. दुर्बिणीतून लोब काढताना मृत्यूचा धोका अनुभवी केंद्रांत साधारण १ ते २ टक्के, त्याहून कमी काढलं तर आणखी कमी. पहिल्याच दिवशी खुर्चीत बसणं, चालणं, खोकून कफ काढणं आणि तीन चेंडूंचं ते श्वासाचं खेळणं ओढत राहणं, यानं न्यूमोनिया टळतो. 'दुखतंय म्हणून खोकत नाही' म्हणणाऱ्याला मी आधी वेदनाशामक वाढवून देतो, मग खोकायला लावतो.

घरी कधी? कामावर कधी?

सगळं सुरळीत असेल तर तीन ते पाच दिवसांत घरी. टेबलावरचं काम दोन-तीन आठवड्यांत, ओझं उचलायचं काम सहा-आठ आठवड्यांत. छिद्रांच्या खालच्या पट्ट्यात, कधी कधी पोटाच्या वरच्या भागापर्यंत, बधिरपणा किंवा चुणचुण काही महिने राहते. बरगडीखालची नस दुखावलेली असते. विमानप्रवास एक्स-रे पाहून डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच.

शस्त्रक्रिया नकोच असेल किंवा झेपणार नसेल तर?

नेमक्या गाठीवर, अनेक दिशांनी, मोजक्या बैठकांत जोरदार डोस देणारं स्टिरिओटॅक्टिक रेडिएशन हा चांगला पर्याय आहे. काही ठिकाणी सुईतून उष्णतेनं गाठ जाळतात. यात तुकडा हाती येत नाही आणि लसिका ग्रंथी तपासता येत नाहीत.

रिपोर्टमध्ये कॅन्सर आला. आता केमो?

गाठ छोटी, काठ स्वच्छ आणि ग्रंथींत काही नसेल तर सहसा केमोची गरज नसते. दुधी काचेच्या गाठींतून 'अ‍ॅडेनोकार्सिनोमा इन सिटू' (भोवतालच्या भागात अजून न शिरलेला कॅन्सर) किंवा अत्यल्प शिरकाव असलेला प्रकार निघाला, तर पूर्ण काढल्यावर तो परत येणं फार दुर्मीळ. ग्रंथीत पेशी सापडल्या तर मात्र चित्र बदलतं आणि औषधतज्ज्ञांकडे जावं लागतं.

निरुपद्रवी निघाली. म्हणजे उगाच कापलं?

हा प्रश्न रागानं विचारला जातो आणि तो राग मला समजतो. सगळ्या तपासण्या नीट करूनही काही गाठी कापल्याशिवाय ओळखता येत नाहीत. माझ्या टेबलावर एकही निरुपद्रवी गाठ येत नसेल, तर मी काही कॅन्सर घरी पाठवत असणार. मात्र दर दुसरी गाठ निरुपद्रवी निघत असेल तर मी सुरी लवकर उचलतोय. तुमच्या सर्जनला हे प्रमाण जरूर विचारा.

शस्त्रक्रियेनंतरच्या स्कॅनमध्ये पुन्हा 'नवी गाठ' लिहून आलंय!

घाबरण्याआधी जागा पाहा. फुप्फुस जिथे शिवलं तिथे टायटॅनियमच्या बारीक पिनांची रेघ असते आणि तिच्याभोवती जाड वण तयार होतो. शस्त्रक्रियेची माहिती नसलेल्या रेडिओलॉजिस्टला तो गाठीसारखा दिसू शकतो. वण हळूहळू आकसतो; एका स्कॅनपासून दुसऱ्या स्कॅनपर्यंत तो जाड होत गेला तर मात्र तपासावं लागतं. म्हणून प्रत्येक स्कॅनला जाताना शस्त्रक्रियेचा कागद आणि आधीची सीडी सोबत न्या, आणि फॉर्मवर 'कारण' लिहायचा रकाना असतो त्यात कोणत्या बाजूचं, काय आणि कोणत्या महिन्यात काढलं ते स्वतःच्या हातानं लिहा.